हृदयाची गोळी

८ फेब्रुवारी

निवड झाली! मावशीला सांगितलं तर "असं का, बरं झालं" म्हणाली आणि परत मशीन चालवायला लागली. बस, एवढंच. शेजारच्या मुलीचा तिसरा नंबर आला तर तिची आई गल्लीभर सांगत सुटते. आमच्याकडे आनंदसुद्धा मापाने कापतात, शिवणकामवाल्यांचं घर ना.

लायब्ररीच्या मागे दोन खोल्यांचं एक केंद्र आहे. एचआयव्ही असलेली मुलंमुली तिथं दर शनिवारी जमतात, खेळतात, औषधाबद्दल विचारतात, कुणाला रडायचं असेल तर रडतात. ते चालवणाऱ्या बाईंना सगळे ताईच म्हणतात. ताईंना शाळाशाळांतून फिरून नाटक करणारी मुलं हवी होती. एचआयव्ही कशाने होतो, कशाने होत नाही, हे हसत-खेळत सांगणारी. त्या आमच्या वर्गावर आल्या, प्रत्येकाला चार वाक्यं बोलायला लावली आणि माझ्याकडे बोट केलं. "ही."

माझ्याहून हुशार मुली वर्गात ढिगाने आहेत. मीच का, असं विचारलं तर म्हणाल्या, "तुझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो." याच आवाजाला मावशी भोंगा म्हणते.

काकांनी पाठीवर थाप मारली. काका म्हणजे मावशीचे यजमान. वायरमन आहेत. दिवसाकाठी दहा वाक्यं बोलतात, त्यातली सहा विजेबद्दल. आई न्यूमोनियाने गेली तेव्हा मी चार वर्षांची होते, बाबा त्याच्याही आधी गेले होते. तेव्हापासून मी यांचीच.

१५ फेब्रुवारी

पहिलं प्रशिक्षण. डास चावून होत नाही, एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही. रक्तातून होतो, असुरक्षित संबंधातून होतो (इथं सगळे चपला बघायला लागले), आणि आईकडून बाळाला होऊ शकतो. आईने वेळेवर औषध घेतलं तर बाळ बहुतेक वेळा सुखरूप राहतं. रोज ठरल्या वेळी गोळी घेतली की विषाणू इतका दबून जातो की तपासणीत सापडतही नाही, माणूस शिकतो, नोकरी करतो, लग्न करतो, म्हातारा होतो.

"पण रोज गोळी घ्यायची म्हणजे कंटाळा येत असेल ना?" एकाने विचारलं.

मी हात वर केला. म्हटलं, काही कंटाळा नाही. माझ्या हृदयाला बारीकसं भोक आहे, मी लहानपणापासून रोज सकाळी गोळी घेते. दात घासण्यासारखंच आहे ते. ताई "शाब्बास" म्हणाल्या आणि कपाटात काहीतरी शोधायला वाकल्या. बराच वेळ वाकलेल्या होत्या. कपाटात काय पसारा असेल देव जाणे.

तिथं एक मुलगी भेटली. माझ्याच वयाची, गालात सदानकदा दाणे, म्हणून सगळे तिला खार म्हणतात. तिला एचआयव्ही आहे आणि ती ते असं सांगते जसं आपण चष्म्याचा नंबर सांगतो. तिने मूठभर दाणे माझ्या हातावर ओतले. मी खाल्ले.

घरी येऊन साबणाने हात धुतले. दोनदा. मला सगळं पाठ आहे, तरी धुतले. हे फक्त इथं लिहितेय.

२२ फेब्रुवारी

नाटक बसतंय. मी विषाणू! सगळ्यात मोठी भूमिका. आधी रुबाबात येते, सैनिकांना (म्हणजे रक्तातल्या पांढऱ्या पेशींना) लोळवते, हा हा हा करून हसते. मग गोळी येते (खार गोळी झाली आहे, डोक्याला पांढरं फडकं) आणि मला धरून झोपवते. मारत नाही, झोपवते. ताईंनी हे तीनतीनदा सांगितलं. विषाणू मरत नाही, झोपतो. रोज झोपवावा लागतो.

खार म्हणाली, "तू विषाणू छान करतेस. रक्तातच आहे तुझ्या." आणि स्वतःच ओठ चावला. मला तर ही दाद आवडली.

१ मार्च

विषाणूसाठी झगा हवा होता. मावशी म्हणाली, "मी देते शिवून." लाल कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचा घेरदार झगा, खांद्यांवर कापूस भरून काढलेले काटे. गणवेश शिवणाऱ्या हातांनी असलं काही शिवलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. घालून गरकन फिरले आणि म्हटलं, "घाबरलीस का? मी तुझ्या रक्तात येणार!"

ती हसली नाही. डोळ्याला पदर लावून आत गेली. दोऱ्याचा धुरळा फार होतो त्या खोलीत. खिडकी उघडत जा म्हणून किती सांगितलंय.

८ मार्च

पहिला प्रयोग! केंद्रातच, पालकांसमोर. लोक हसले, टाळ्या पडल्या. मग प्रश्नोत्तरं. एक बाई उठून म्हणाल्या, "बोलणं सोपं असतं गं पोरी. तू पिशील का यांचं उष्टं पाणी?"

मी खारीच्या हातातली बाटली घेतली आणि तोंड लावून घटाघटा प्यायले. खोलीत नुसता टाळ्यांचा कडकडाट. मला वाटलं, आता आपण खरेखुरे सोबती झालो. (केंद्रात आम्हाला सोबती म्हणतात.) खारीने बाटली परत घेतली, माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं आणि तीही प्यायली.

मावशीला पहिल्या रांगेत बसवलं होतं. "जन्मापासून मी या बाळाच्या रक्तात आहे, आणि त्याला पत्ताच नाही" या माझ्या वाक्याला ती उठून बाहेर गेली. माझ्या सगळ्यात भारी वाक्याला! ताईही तिच्या मागे गेल्या. घरी विचारलं तर म्हणाली, आत कोंदट वाटत होतं.

वाईट वाटलं. खोटं कशाला लिहू.

१३ मार्च

मोठ्या दवाखान्यात सहामाही तपासणी. डॉक्टरीणबाई मला खूप वर्षांपासून ओळखतात. त्यांनी नाटकाबद्दल खोदून खोदून विचारलं, औषधाचं सगळं म्हणून दाखवायला लावलं. मग म्हणाल्या, "इतकं येतंय हिला," आणि मावशीकडे पाहत राहिल्या. मला बाहेर बसवलं. काचेतून आवाज येत नव्हता, पण मावशी नकारार्थी मान हलवत होती आणि डॉक्टरीणबाई टेबलावर बोट आपटत होत्या. असं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

भोक मोठं झालं असणार. ऑपरेशन सांगितलं असेल आणि मावशी खर्चाला किंवा रक्ताला घाबरली असेल. परत येताना विचारलं, "मी मरणार आहे का?" तर रस्त्यातच तिने माझा हात इतका दाबला की बांगडी रुतली. "वेड लागलंय का तुला? शंभर वर्षं जगशील."

मग ऑपरेशन करून टाका ना. मी घाबरत नाही.

१९ मार्च

आज कालव्यापलीकडच्या शाळेत प्रयोग होता. आम्ही त्यांच्या प्रयोगशाळेत कपडे बदलत होतो. मी आणि खार, दोघीच. खारीने पिशवीतून डबी काढली, तळहातावर गोळी घेतली.

लांबट, पांढरी, एका बाजूला खोदलेली तीन अक्षरं. मी ती अक्षरं रोज सकाळी बघते.

मी हसत म्हटलं, "अगं, तुझ्याही हृदयाला भोक?"

खार हसली नाही. गोळी तशीच हातावर धरून उभी राहिली.

"ही हृदयाची नाही," ती म्हणाली.

"माझी हीच आहे."

"मला माहीत आहे."

"मग?"

"मग तूच सांग. सगळ्या शाळांना तूच सांगतेस ना."

बाहेरून कुणीतरी हाक मारली, चला, पोरं बसलीत. मी झगा घातला. पूर्ण नाटक केलं. पोरं खूप हसली म्हणे, मला काहीच आठवत नाही. एवढंच आठवतं की शेवटी खारीने मला खांद्याला धरून खाली निजवलं, आणि टाळ्या संपल्या तरी मी उठले नाही.

खार गोळी नेहमी आत जाऊन, पाठ करून घेते. आजच माझ्यासमोर का काढली, कळत नाही. विसरली असेल.

त्याच दिवशी, नंतर

मावशी मशीनवर होती. मी दारातूनच विचारलं, "माझ्या हृदयाचं भोक केवढं आहे गं?"

तिचा पाय थांबला. "ताईंनी सांगितलं?"

हा तिचा पहिला प्रश्न. काय झालं, असं नाही. कुणी सांगितलं?

"म्हणजे खरं आहे."

"इकडे ये. बस आधी."

"आई न्यूमोनियाने गेली ना?"

"न्यूमोनियानेच गेली. ते खोटं नाही."

"आणि न्यूमोनिया कशाने झाला?"

तिने सुईतला दोरा ओढून काढला.

"बाबा?"

"सांगणारच होते," ती शेवटी म्हणाली. "तुझी परीक्षा झाली की."

"कुठल्या वर्षीची परीक्षा?"

मग ती भडाभडा बोलायला लागली. माझी पहिली शाळा आठवते का म्हणाली. दूर पडायची म्हणून सोडली होती ना ती? तर ती दूर नव्हती, गल्लीच्या टोकाला होती. वर्गाच्या बाईंना मावशीने विश्वासाने सांगितलं, आणि त्याच आठवड्यात मुख्याध्यापकांनी बोलावून, दुसरीकडे बघा म्हणून सांगितलं. घरमालकाच्या कानावर गेलं. ओल येते म्हणून आपण घर बदललं ना? त्या घराला कधी ओल आलीच नव्हती.

"एकदा तोंड उघडलं आणि तुझी शाळा गेली, घर गेलं," ती म्हणाली. "मग तोंडच शिवून घेतलं मी."

"ते सगळे बाहेरचे होते. मी बाहेरची आहे का?"

"तुझ्या चेहऱ्याकडे बघितलं की शब्द फुटत नसे गं."

"झगा मात्र शिवता आला."

हे मी बोलले. मग काका आले. हातातली वायर खाली ठेवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "राग यायलाच हवा तुला." म्हणजे त्यांनाही माहीत होतं. दिवसाला दहा वाक्यं बोलणाऱ्या माणसाला इतक्या वर्षांत अकरावं सुचलं नाही.

२० मार्च

ताई घरी आल्या. मी दार उघडलं आणि म्हटलं, "आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचतो म्हणून घेतलंत ना मला?"

"आवाज खरंच पोचतो तुझा."

"पण म्हणून नाही घेतलंत."

ताई खोटं बोलल्या नाहीत. मावशीला त्या आणि डॉक्टरीणबाई किती काळ सांगत होत्या, मुलीला कळू दे, तिचा हक्क आहे. मावशी म्हणायची, थोडं थांबा. शेवटी असं ठरलं की मी आधी सगळं शिकावं, भीती निघून जावी, मग मावशीने सांगावं. शिकल्यावर कमी लागेल, असं त्यांना वाटलं होतं.

"तुम्ही सगळे मिळून मला तयार करत होतात. मी समजत होते, मी लोकांना तयार करतेय."

"सांगण्याचा अधिकार घरच्यांचा होता. मी तो मोडू शकत नव्हते."

"मग टाळ्या कशाला वाजवल्यात?"



मला एचआयव्ही झाला त्याचा राग नाही. तो काय मुद्दाम आला नाही. पण मी खांद्यांवर काटे लावून "याला पत्ताच नाही" म्हणत नाचत होते आणि ज्यांना पत्ता होता ते पहिल्या रांगेत बसून बघत होते. माकडाचा खेळ. डमरू एकाच्या हातात, दोरी दुसऱ्याच्या.

२१ मार्च

गोळी घेतली नाही. मोरीत टाकली. मावशी दारात उभी राहून विचारते, "घेतलीस?" मी म्हणते, "हो." कसं वाटतं खोटं ऐकायला, बघ म्हणावं. पण ती तर ते खरं समजून जाते. तिला काही वाटतच नाही. मग माझाच संताप होतो.

२५ मार्च

केंद्रात गेले नाही. विषाणूचा झगा मावशीने धुऊन दोरीवर घातला होता. गल्लीतून येणारे-जाणारे बघत होते. मी काढून पलंगाखाली कोंबला.

एक गोष्ट सतत डोक्यात येते. खारीचे दाणे खाऊन मी हात धुतले होते. दोनदा. ते हात माझेच.

२९ मार्च

खार आली. आमच्या जिन्यावर बसली, घरात यायला तयार नाही. गालात दाणे नव्हते, त्यामुळे ती वेगळीच दिसत होती.

"गोळी बंद केलीस ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी नाही. मीही केली होती. मला नऊ वर्षांची असताना कळलं. भांडणात शेजारच्या पोरीने ओरडून सांगितलं, नळावर सगळ्यांसमोर. तेव्हा मी आजीवर सूड म्हणून गोळ्या थुंकत होते. दोन महिन्यांनी मला दवाखान्यात उचलून न्यावं लागलं. आजी पायऱ्यांवर पडली त्या दिवशी, मला घेऊन."

मी तिच्या शेजारी पायरीवर बसले.

"कुणावर काढतेस राग? त्या विषाणूला मावशी कोण ते माहीत नाही. तो फक्त जागा होतो."

"तुला माझ्याबद्दल माहीत होतं. कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. दवाखान्यात तुला कितीदा बघितलंय बाकावर. तू माझ्याकडे बघायची नाहीस, पुस्तकात डोकं."

"आणि बोलली नाहीस."

"ते माझं नव्हतं सांगायला."

"सगळ्यांचं हेच! कुणाचंच नव्हतं! मग कुणाचं होतं?"

खारीने कठड्याचा रंग नखाने खरवडला. मग म्हणाली, "भांड माझ्याशी. पण चल." आणि मला दवाखान्यात घेऊन गेली. मी का गेले, मलाच कळत नाही. बहुधा ती एकटीच अशी होती जी माझ्याशी चढ्या आवाजात बोलत होती. बाकीचे सगळे काचेचं भांडं धरल्यासारखे बोलतात.

डॉक्टरीणबाईंनी रक्त घेतलं, आजपासूनच परत सुरू कर म्हणाल्या, काही आठवड्यांनी पुन्हा तपासू. रागावल्या नाहीत. मी त्यांना म्हटलं, "यापुढे माझ्या तपासणीचं आधी मला सांगायचं. मावशीला नंतर." त्या "बरोबर आहे" म्हणाल्या.

गोळी तिथंच घेतली, नळाच्या पाण्याबरोबर. तीच गोळी, पण गिळताना वेगळी लागली.

५ एप्रिल

मावशीशी कामापुरतं बोलते. मीठ दे, किल्ली कुठंय. ती माझ्या आवडीचं सगळं करते, मी जेवते, छान झालंय म्हणत नाही. काका दोघींच्या मध्ये बसून दिव्यांबद्दल बोलतात. हल्ली त्यांची वाक्यं वाढली आहेत.

माफ कर, असं ती अजून म्हणालेली नाही. "तुझ्यासाठीच केलं" हे मात्र दोनदा. तुझ्यासाठी केलं, हे ऐकलं की मला वाटतं मी कुणाचं तरी देणं लागते.

१२ एप्रिल

केंद्रात गेले. नाटक करणार नाही असं ताईंना सांगितलं, त्या "ठीक" म्हणाल्या. मी लहान मुलांना रंग देत बसले.

आज एक नवीन माणूस आला होता, बेकरीत भट्टीवर काम करणारा. कोपरापर्यंत भाजल्याचे डाग. बरोबर दोन वेण्यांची मुलगी, आठ-नऊ वर्षांची असेल. ती चित्रं काढायला बसल्यावर त्याने मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "ताई, हिला शक्तीची गोळी म्हणून सांगितलंय. तुम्हीही तसंच सांगा हं. अजून लहान आहे."

मला ताई म्हणाला तो. तोंडात आलं होतं की ओरडून सांगावं, आत्ताच्या आत्ता, त्या पोरीला. मग खारीच्या आजीच्या पायऱ्या आठवल्या, आणि नळावरची ती पोरगी.

पोरीने मान वर न करता मला विचारलं, "तुम्हाला माहितीये का, माझी गोळी कशाची आहे?"

"माहितीये," मी म्हटलं.

बाप पांढराफटक पडला.

"मी खोटं सांगणार नाही," मी म्हटलं. "पण ते तुझ्या बाबांनी सांगायचं आहे. ते आत्ता सांगतील किंवा घरी सांगतील. तू थांब, मी त्यांना खुर्ची देते. मीही इथंच बसते."

मी खुर्ची ओढली. तो उभाच. ताई दारात येऊन थबकल्या, पण आत आल्या नाहीत. मी त्याला हळू आवाजात म्हटलं, "मला पंधराव्या वर्षी कळलं. दुसऱ्याच्या हातावरची गोळी बघून. तुम्ही सांगा हो. आम्ही मदत करू शब्दांना."

तो बसला. हातातली टोपी चुरगाळली, सरळ केली, परत चुरगाळली. "बाळा," म्हणाला आणि अडला. "तुझ्या आईला जो आजार होता ना..."

पोरीने लाल रंग खाली ठेवला. "तो मला पण आहे," ती म्हणाली. "मला वाटलंच होतं. पण तुम्ही रडाल म्हणून विचारलं नाही."

तो रडलाच. ती उठली आणि त्याच्या मांडीवर जाऊन बसली, आणि मग तिने प्रश्न विचारायला सुरुवात केली, एकामागून एक, शाळेत कळेल का, दुखेल का, आईने का नाही घेतली गोळी. जे त्याला येत नव्हतं ते मी सांगितलं.

घरी आले. मावशी कॉलर शिवत होती. मी दप्तर न ठेवता म्हटलं, "आज एका बापाने त्याच्या पोरीला सांगितलं. भट्टीवाला आहे, फार शिकलेला नाही. चहा थंड व्हायच्या आत सांगून झालं त्याचं."

तिला लागावं म्हणूनच बोलले. लागलं. तिने मशीन थांबवलं, चाकावर हात ठेवून बसून राहिली. मला वाटलं आता ते नेहमीचं, तुझ्यासाठीच केलं.

"मी भित्री निघाले," ती म्हणाली. "तुझी आई म्हणायची, मोठी झाली की हिला मीच सांगेन, तू मध्ये पडू नकोस. ती गेली. मग मला वाटायचं, जोवर मी सांगत नाही तोवर ते सांगायला ती येणार आहे. हे काही कारण झालं का? नाही झालं."

मी दारातच उभी.

"तुला आता जे विचारायचं ते विचार," ती म्हणाली. "नाहीतर मी पहिल्यापासून सांगते. तिला पहिल्यांदा ताप आला तेव्हापासून. बस."

मी बसले. तिच्या शेजारी नाही, पलीकडे, कापडाच्या गठ्ठ्यावर. पण बसले.